दीपगृहाच्या बाजूनं किती हात?

बेटावर खासगी गाडीला बंदी आहे. पायी फिरायला हरकत नाही, पण बेट अशा आकाराचं आहे की पायी निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत कुठेच पोचत नाही. त्यामुळे बेट बघायचं तर सहल कंपनीच्या गाडीत बसावं लागतं. गाडीत सात जण मावतात. कंपनी याला ‘निवडक गट’ म्हणते. आमची निवड कुणी आणि कशावरून केली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही त्या गाडीत बसलो ते अक्कामुळे. अक्का माझी थोरली बहीण. टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेली. इतरांची बोलणी जोडून देण्यात आयुष्य गेल्यामुळे ती स्वतः कमी बोलते. पण बोलायला लागली की मध्येच कुणी लाइन तोडलेली तिला चालत नाही.

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तिनं याच बेटावर काढली होती. दाजी, म्हणजे तिचे यजमान, इथल्या दीपगृहावर नोकरीला होते. दिव्याच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं सरकारी बिऱ्हाड होतं. मग बदली झाली, मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, आणि या सगळ्यातून दोघांचा एक वाद अखंड चालत राहिला. दाजी म्हणायचे, आपल्या त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. अक्का म्हणायची, कुंपणाची भिंत दिसायची.

वाद किरकोळ होता म्हणूनच टिकला. मोठे वाद लोक मिटवतात, नाहीतर वेगळे राहतात. इथे दोन्हींची गरज पडली नाही. पाहुणे आले की दाजी बाहेरच्या खोलीत समुद्राचं वर्णन सुरू करायचे आणि आतून, फोडणीच्या आवाजावरून, ‘भिंत’ एवढा एकच शब्द यायचा. पाहुणे चहा प्यायचे आणि दोन्हीकडे मान डोलवायचे.

गेल्या वर्षी दाजी गेले. वाद तसाच राहिला, आणि ही गोष्ट अक्काच्या मनाला लागून राहिली.

“हे गेले म्हणून मी बरोबर ठरत नाही,” ती मला म्हणाली. “आणि बघितल्याशिवाय मी चूक आहे असंही मानणार नाही. एकदा त्या खिडकीत उभी राहते, समोर काय आहे ते बघते, आणि विषय संपवते.”

“दोन वर्षं त्या खिडकीपाशी स्वयंपाक केलास. तुला आठवत नाही?”

“मी स्वयंपाक करत होते. खिडकीतून बघायला वेळ यांना होता.”

म्हणून आम्ही आलो. हाती एकच दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं परतीचं जहाज होतं. आणि दीपगृह बघण्याच्या आड काय येईल याचा आम्ही जो विचार केला होता, त्यात पाऊस होता, अक्काचे गुडघे होते, दीपगृहाला कुलूप असण्याची शक्यता होती. लोकशाही नव्हती.

या सहल कंपनीची एक पद्धत आहे. बेटाभोवती एक गोल रस्ता आहे आणि त्याला जागोजागी फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावर गाडी थांबते. एका बाजूला एक ठिकाण, दुसऱ्या बाजूला दुसरं. दोन्ही बघायला वेळ नसतो. अशा वेळी इतर कंपन्या काय करतात माहीत नाही; ही कंपनी मतदान घेते. हात वर करून, उघड. जास्त हात तिकडे गाडी. ‘तुमची सहल, तुमचा कौल’ असं गाडीच्या मागे रंगवलेलं आहे, आणि गाडीच्या आत, आरशाशेजारी, सगळी ठिकाणं आणि सगळे फाटे दाखवणारा एक फलक आहे. तो फलक कुणीच वाचत नाही. आम्हीही वाचला नाही.

गाडी चालवायच्या त्याच माहिती सांगायच्या. त्यांना मी चालकबाई म्हणतो. पन्नाशीच्या, शांत, आणि कुठल्याही दृश्यानं हलणार नाहीत अशा. गाडीतला सगळ्यात लांबचा माणूस त्यांच्यापासून चार हातांवर होता, तरी त्या माइकवरून बोलायच्या.

“बेटावर आपलं स्वागत आहे,” त्या म्हणाल्या. “मी मत देत नाही. मी मोजते. ज्यानं कुठेच हात वर केला नाही, त्याचं मत जास्त हातांच्या बाजूला धरलं जाईल. फेरमोजणी नाही. सीटखाली पिशवी आहे, कुणाला मळमळलं तर.”

आमच्याशिवाय गाडीत पाच जण होते. एक नवं जोडपं होतं, इतकं नवं की दोघं मिळून एकच पाण्याची बाटली वापरत होती. एक दातांचे डॉक्टर होते, एकटेच. उन्हाचा त्यांना त्रास व्हायचा आणि ते प्रत्येक ठिकाणाबद्दल एवढंच विचारायचे की सावली आहे का. आणि एक व्यापारी नवराबायको होते. यजमानांचं न्हाणीघराच्या सामानाचं दुकान होतं: नळ, तोट्या, शॉवर, पाइप. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी आमच्या हॉटेलातल्या नळांबद्दल अनुकूल मत दिलं नाही, म्हणून आम्ही त्यांना नळवाले म्हणायला लागलो. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणायला लागले, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

पहिला फाटा आला. चालकबाईंनी गाडी बाजूला घेतली.

“डावीकडे धबधबा. उजवीकडे दीपगृह.”

“धबधब्याची धार किती इंची?” नळवाल्यांनी विचारलं.

“ऋतूवर आहे.”

“दीपगृहाला सावली?” डॉक्टरांनी विचारलं.

“दीपगृहाची स्वतःची असते तेवढी. ती फिरते.”

धबधब्याला पाच हात, दीपगृहाला दोन. दोन्ही हात आमच्या घरातले. अक्कानं ते मनावर घेतलं नाही. पहिलीच वेळ होती, आणि लोकांना काय कारण माहीत असणार.

धबधब्याला पाणी बेताचंच होतं. नळवाल्यांनी खाली उभं राहून वर बघितलं आणि “प्रेशर नाही” म्हणाले. नव्या जोडप्यानं फोटो काढले. डॉक्टर एका झाडाखाली जाऊन उभे राहिले ते निघायच्या वेळीच हलले.

“बेट गोल आहे,” गाडीत परतल्यावर चालकबाई अक्काला म्हणाल्या, या वेळी माइकशिवाय. “हरलेलं ठिकाण पुन्हा समोर येतं.”

दुसऱ्या फाट्यावर ते आलंच. डावीकडे गुहा, उजवीकडे दीपगृहाकडे जाणारी आडवाट. चालकबाई हात मोजायला वळल्या, तेवढ्यात अक्का म्हणाली, “मला दोन शब्द बोलायचेत.”

“नियमात हरकत नाही,” असं म्हणून चालकबाईंनी तिच्या हातात माइक दिला.

अक्का बोलली. अजिबात न लांबवता, टेलिफोनवर पत्ता सांगावा तसं. दीपगृह, दोन खोल्या, खिडकी, यांचं म्हणणं, माझं म्हणणं, हे आता नाहीत, एकदा बघून विषय संपवायचाय. संपलं. माइक परत दिला.

नव्या नवरीनं डोळ्याला रुमाल लावला. डॉक्टर म्हणाले, “फारच छान.” नळवाले मान हलवत म्हणाले, “अशी माणसं आता राहिली नाहीत.” हे दाजींबद्दल होतं की अक्काबद्दल, ते कळलं नाही. मग चालकबाईंनी हात मोजले. गुहेला चार, दीपगृहाला तीन.

सहानुभूती पूर्ण गाडीची होती. हात मात्र ज्याचे त्याचे होते. नवरीनं एका हातानं डोळे पुसले आणि दुसरा गुहेला दिला. डॉक्टरांचं तर उघडच होतं. गुहेत सावलीखेरीज दुसरं काहीच नसतं. आमच्याकडे आलेला तिसरा हात वहिनींचा होता. मला वाटलं, बाईमाणूस बाईमाणसाला समजून घेतं. मी त्यांचे आभार मानले.

“अहो, त्यात काय,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांनी गुहेला हात वर केला होता ना.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. आमच्याकडे तसंच असतं.”

“धबधब्याच्या वेळी तर तुम्ही दोघांनी एकत्र…”

“तेव्हा मी आधी केला होता. ह्यांचा दिसला नाही मला, नाहीतर खाली घेतला असता.”

गुहा आतून अंधारी होती. हा गुहेचा दोष म्हणता येणार नाही. बाहेर एक बाई उन्हाच्या टोप्या विकत होती. नव्या नवऱ्यानं एक टोपी निवडली, उलटसुलट करून पाहिली, आणि म्हणाला, “ही आईला छान दिसेल.” ती घेतली. दुसरी घेतली नाही. नवरीनं पाण्याची बाटली आपल्या पिशवीत टाकली आणि पिशवीची चेन लावली.

जेवायला गाडी एका खानावळीपाशी थांबली. लांबलचक बाक, वर पत्रा, मागे स्वयंपाकघर. नवरा एका टोकाला बसला, नवरी दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या सगळ्यांना मीठ इकडून तिकडे पोचवण्याचं काम लागलं. नळवाले आपलं ताट उचलून अक्कासमोर येऊन बसले.

“अक्का, रागावू नका. पण तुमचं चुकतंय.”

“काय चुकतंय?”

“तुम्ही मत मागता. मत असं मागून मिळत नसतं. मी आमच्या सोसायटीचा अध्यक्ष आहे. लागोपाठ. लोकांना वाटतं माझ्या कामावर खूश आहेत. कुणीही खूश नाही. पण तळमजल्याला पाण्याची वेळ वाढवून पाहिजे, वरच्या मजल्याला गच्ची पाहिजे, मधल्यांना दोघांची तोंडं बंद पाहिजेत. देवघेव असते.”

“मग मी काय देऊ तुम्हाला?”

“आता बोललात. मला या बेटावर दोन गोष्टी बघायच्यात. एक, जुनं पंपघर. दुसरी, ती काचेच्या तळाची बोट.”

“बोटीत काय बघायचंय? मासे?”

“मासे सगळीकडे सारखेच. काच आणि लाकूड यांच्या सांध्यातून पाणी आत कसं येत नाही, ते बघायचंय. तीस वर्षं मी लोकांची न्हाणीघरं गळताना पाहतोय, आणि इथे एक माणूस भर समुद्रात बोटीला भोक पाडून त्यावर काच बसवतो.”

अक्कानं विचार केला. “पंपघराला माझं मत. बोटीला माझं मत.”

“दीपगृहाला माझं,” नळवाले म्हणाले. “शब्द.”

“शब्द.”

दोघांनी पाण्याचे पेले किंचित वर उचलले. आरशाशेजारचा फलक दोघांपैकी एकानंही वाचलेला नव्हता. मीही वाचला नव्हता; मी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो आणि मनातल्या मनात हिशेब करत होतो. अक्का, मी, नळवाले, असे तीन झाले. नळवाले आले म्हणजे वहिनी गेल्या. हा त्यांच्या मैत्रीचा खर्च होता. आता चौथा हात कुठून आणायचा, तर डॉक्टरांना दीपगृहाच्या आत सावली असते हे पटवून द्यायचं. मी मुखवास चघळत त्यांच्याकडे गेलो.

“डॉक्टर, दीपगृहाच्या भिंती फार जाड असतात म्हणे.”

“असं का?”

“आत अगदी गार असतं. विहिरीसारखं.”

“पायऱ्या किती असतात?”

“चढायलाच हव्यात असं कुठे आहे? खाली बसता येतं.”

डॉक्टर विचारात पडले. मला राजकारण जमायला लागलं होतं.

जेवणानंतरच्या फाट्यावर एका बाजूला जुनं पंपघर होतं आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या वाळूचा किनारा, झाडांच्या छत्र्या, झोपाळे. आजवर त्या फाट्यावर गाडी पंपघराकडे वळल्याचं चालकबाईंना आठवत नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं.

पंपघराला नळवाले, अक्का आणि मी. किनाऱ्याला डॉक्टर, वहिनी आणि नवा नवरा. सगळ्यांचे डोळे नवरीकडे गेले. तिनं आधी नवऱ्याचा वर केलेला हात बघितला, मग त्याच्या मांडीवरची टोपी बघितली, आणि पंपघराला हात वर केला.

“चार,” चालकबाई म्हणाल्या आणि गाडी एकदा मागे घेऊन मग वळवली, कारण त्या बाजूला वळायची त्यांच्या हाताला सवय नव्हती.

पंपघराच्या राखणदाराला आम्ही आलोय हे खरं वाटेना. “कुणी पाठवलंय तुम्हाला?” त्यानं विचारलं. बघायला आलोय म्हटल्यावर तो आणखी घाबरला. शेवटी किल्ली सापडली. आत दोन अवाढव्य पंप होते, गंजलेले, आणि पितळेच्या तोट्या होत्या, न गंजलेल्या. बेटाला पूर्वी इथून पाणी जायचं, आता जात नाही. तेवढंच सांगण्यासारखं होतं, पण नळवाल्यांना ते पुरलं नाही. त्यांनी एका मोठ्या चाकावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “असा व्हॉल्व्ह आता होत नाही.” मग तो का होत नाही ते सांगितलं. मग दुसऱ्या व्हॉल्व्हपाशी गेले. राखणदार वही शोधत होता, कारण पाहुण्यांचा अभिप्राय घ्यायचा असतो असं त्याला अंधूक आठवत होतं.

अक्का प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबली आणि ऐकत राहिली. मत दिलंय म्हणजे नुसता हात दिलेला नाही, असं तिचं म्हणणं.

बाकीचे दारात उभे होते. कंटाळ्याइतकं माणसांना जवळ आणणारं दुसरं काही नसावं. तिसऱ्या व्हॉल्व्हला नवरीनं जांभई दिली, नवऱ्यानंही दिली, दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसू दाबलं. चौथ्याला पिशवीची चेन उघडली आणि बाटली बाहेर आली. पाचव्याला आईची टोपी नवरीच्या डोक्यावर होती.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी हिशेब करत होतो. भांडलेल्या जोडप्याचा एखादा हात फोडता येतो. गोडीत आलेल्याचे दोन्ही हात एकाच बाजूला जातात.

गाडी गोल रस्त्याला लागली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. शेवटचा फाटा आला. चालकबाईंनी माइक हातात घेतला.

“पंपघरात आपला बराच वेळ गेला. आता एकाच ठिकाणापुरता उरलाय. डावीकडे दीपगृह. उजवीकडे काचेच्या तळाची बोट.”

अक्कानं नळवाल्यांकडे बघितलं. नळवाल्यांनी अक्काकडे बघितलं. मग दोघांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, आरशाशेजारच्या फलकाकडे बघितलं. तिथे हा फाटा सकाळपासून होता.

“दीपगृहाच्या बाजूनं किती हात?”

मी हात वर केला. डॉक्टरांनी केला, त्यांना जाड भिंती पटल्या होत्या, शिवाय बोटीनं पोटात ढवळतं. आणि नळवाल्यांनी केला. सावकाश केला, बोटीचा विचार मनातून पुसत केला, पण पूर्ण वर केला. ते दीपगृहाला हात देतायत हे बघून वहिनींनी आपला हात मांडीखाली घेतला.

तीन झाले. चौथा अक्काचा. मी तिच्याकडे बघितलं. तिचे दोन्ही हात पर्सवर होते.

“अक्का. हात.”

“मी शब्द दिलाय,” अक्का म्हणाली.

“कुणाला?”

“त्यांना. बोटीला माझं मत.”

“अगं, पण ते स्वतः दीपगृहाला…”

“त्यांनी त्यांचा शब्द पाळला,” अक्का म्हणाली. “मी माझा पाळते.”

“तीन,” चालकबाई म्हणाल्या. “बोटीच्या बाजूनं?”

नवरा, नवरी, वहिनी, अक्का. चार.

नळवाले पुढे वाकले. “अक्का, अहो, मी तुम्हाला मोकळं करतो त्यातून. मला नको ती बोट.”

“मोकळं करायचं तर हात मोजायच्या आधी करायचं. आता मोजून झालेत.”

नळवाल्यांनी चालकबाईंकडे बघितलं.

“फेरमोजणी नाही,” चालकबाई म्हणाल्या, आणि गाडी उजवीकडे घेतली. घेताना त्यांनी गिअर जरा जोरात टाकला, एवढंच मला जाणवलं.

मी अक्काच्या कानाशी लागलो. “एवढ्या लांब आपण कशासाठी आलो?”

“माहीत आहे कशासाठी.”

“मग असला करार करायचाच कशाला?”

“केला नसता तर त्यांचं मत मिळालं असतं का?”

“मिळून उपयोग काय झाला?”

“मिळालं ना,” अक्का म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली. पर्सचं बक्कल ती उघडत होती आणि बंद करत होती, उघडत होती आणि बंद करत होती. चाळीस वर्षांच्या वादाचा निकाल डावीकडे राहिला होता आणि गाडी उजवीकडे चालली होती.

बोट लहान होती. मधोमध लाकडी चौकट आणि तिच्यात काच. भोवती बसायला फळ्या. चालकबाईही आल्या, बोटीत गटाबरोबर राहायचा नियम आहे. नावाड्यानं इंजिन सुरू केलं आणि सांगितलं, सगळ्यांनी खाली बघा. सगळ्यांनी बघितलं. खाली मासे होते. नळवाले गुडघ्यांवर बसले आणि चौकटीच्या कडेनं हाताचं बोट फिरवायला लागले. बराच वेळ फिरवल्यावर उठले.

“रबराची पट्टी आहे,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. “साधी रबराची पट्टी. आमच्या दुकानात आहे.”

डॉक्टर डोळे मिटून, दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते. नव्या जोडप्याला माशांमध्ये आपले नातेवाईक सापडत होते. अक्का एकटी खाली बघत नव्हती. बोट किनाऱ्याकिनाऱ्यानं चालली होती आणि ती किनाऱ्याकडे बघत बसली होती.

मग बोट सुळक्याला वळसा घालून पलीकडे गेली, आणि वर दीपगृह उभं होतं.

नावाड्याला त्याचं काही नव्हतं. तो रोजच त्याच्या खालून जायचा. पण आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. पांढरा मनोरा. पायथ्याशी एक बसकं घर. घरापुढे कुंपणाची भिंत. भिंतीच्या वर घराचा थोडा भाग दिसत होता, आणि त्या भागात काहीतरी काळसर चौकोनी होतं. किंवा नव्हतं. ऊन त्या बाजूनं डोळ्यांवर येत होतं.

“अक्का,” नळवाले एकदम म्हणाले. “ती तुमची खिडकी का?”

“स्वयंपाकघर याच बाजूला होतं,” अक्का म्हणाली.

“मग झालं की. इथून खिडकी दिसत असेल तर खिडकीतून इथलं दिसणारच. सरळ रेषा आहे, पाइपसारखी. आणि इथे काय आहे? समुद्र आहे.”

“पण खिडकी दिसतेय कुठे?” वहिनी म्हणाल्या. “ती भिंतच आहे.”

“भिंतीच्या वर बघ.”

“वर कौलं आहेत.”

“मला दिसतेय,” नवरी म्हणाली. “काळी काळी आहे ना, तीच.”

“ती पाण्याची टाकी आहे,” नवरा म्हणाला. त्यानं फोनवर फोटो काढून मोठा केला. एक राखाडी ठिपका आला. तो खिडकी असू शकत होता, टाकी असू शकत होता, किंवा त्याच्या अंगठ्याचा ठसा.

नावाड्याला बोट थांबवायला सांगितली. तो म्हणाला, इथे थांबता येत नाही, खडक आहेत, हळू करतो. सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी नळवाले, ज्यांच्या मनाला आपण अक्काचं काही देणं लागतो हे फाट्यापासून टोचत होतं, उभे राहिले. बोट डुलली. डॉक्टरांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

“असं नको. हात वर करा. चालकबाई, मोजा.”

आणि आम्ही सगळे, धडधाकट, शिकलेसवरलेले, एका भिंतीवर खिडकी आहे की नाही हे बहुमतानं ठरवायला तयार झालो. सकाळपासून सवय लागली होती.

“खिडकी दिसते, म्हणणारे?” चालकबाईंनी विचारलं. माइक गाडीत राहिला होता, त्यामुळे त्यांचा खरा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. बराच लहान होता.

नळवाल्यांनी हात वर केला. नवरीनं केला. “डॉक्टर?” चालकबाई म्हणाल्या. “मत द्यावं लागेल.” डॉक्टरांनी एक डोळा उघडला, वर बघितलं, “आहे,” म्हणाले, एक हात सोडून क्षणभर वर केला आणि पुन्हा फळी धरली.

“नाही दिसत, म्हणणारे?”

वहिनींचा हात तयारच होता. नवऱ्यानं टाकीच्या बाजूनं केला. आणि मी. मला खरोखरच काही दिसलं नव्हतं, आणि अक्का माझी बहीण आहे. इतक्या वर्षांत तिच्या बाजूनं मत द्यायची मला ही पहिली उपयोगाची संधी होती.

“तीन आणि तीन,” चालकबाई म्हणाल्या. त्या गोंधळलेल्या मी दिवसभरात तेव्हाच पाहिल्या. “सात जणांत असं होत नाही. कुणाचा तरी राहिलाय.”

सगळे अक्काकडे बघायला लागले. बोट पुढे सरकत होती. सुळका पुन्हा मध्ये यायला लागला होता, आणि बसक्या घराची एक कड त्याच्यामागे गेलीही होती. अक्का वर बघत होती. उतरतं ऊन तिच्या चष्म्यावर होतं, त्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते.

तिनं पर्स माझ्याकडे दिली आणि हात वर केला.

“कुठल्या बाजूनं?” चालकबाईंनी विचारलं.

“खिडकी दिसते.”

“चार,” चालकबाई म्हणाल्या.

नळवाल्यांनी टाळी वाजवली, मग आजूबाजूला बघून दुसरी वाजवली नाही. नवरी म्हणाली, “म्हणजे आजोबाच बरोबर होते.” दाजींना आजोबा कुणी केलं कळलं नाही, पण अक्कानं दुरुस्त केलं नाही. वहिनी माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “कौलं होती हो ती.” मग सुळका पूर्ण आड आला, आणि नावाड्यानं सांगितलं, सगळ्यांनी खाली बघा, आता प्रवाळ येईल.

धक्क्यावर उतरताना मी अक्काला हात दिला. बाकीचे गाडीकडे पुढे गेले होते.

“तुला खरंच दिसली?”

“मला एवढ्या लांबचं कुठे दिसतंय? मनोरा दिसला तेच खूप.”

“मग हात का वर केलास? मी तुझ्या बाजूनं मत दिलं होतं. तू नुसती गप्प बसली असतीस तरी बरोबरी होती.”

“सगळ्यांची मतं झाली,” अक्का म्हणाली. “यांचं राहिलं होतं. हे असते तर त्यांनी केलाच असता हात वर, दिसो न दिसो. म्हणून केला.”

“म्हणजे ते मत दाजींचं?”

“मग दुसरं कोण देणार त्यांच्याकडून?”

“आणि तुझं?”

तिनं माझ्याकडून पर्स घेतली, बक्कल लागलंय ना ते बघितलं.

“माझं मला माहीत आहे,” ती म्हणाली. “ते कशाला मोजायला हवंय? भिंत होती.”

आणि गाडीत जाऊन बसली.